वरचा मजला बर्फाचा

९ डिसेंबर

वहिनी,

फिरायला निघून महिना झाला, पण खरा बर्फ आज भेटला. वर येताना बस इतकी खिळखिळी होती की सगळ्यांचे दात वाजत होते. इतकी वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्या, आता सहा महिने कुणाच्या तोंडात डोकावायचं नाही असं ठरवून निघालेय, तर खोलीची मालकीण दार उघडून हसली आणि माझी नजर थेट तिच्या वरच्या कवळीवर. कुणीतरी घाईघाईत उरकलेलं काम. मी पिशवी घेऊन आत गेले. रजेवर आहे मी.

खोली लाकडी आहे. एक शेगडी, एक खिडकी, आणि खिडकीत दुसरं काही नाही, नुसतं पांढरं. सकाळी जाग आली की अजूनही आईच्या औषधाची वेळ होऊन गेली असं वाटून दचकते. मग आठवतं, की आता कुणी हाक मारणार नाही. पहिले काही दिवस या आठवणीनं रडू यायचं. आता कूस बदलते आणि पुन्हा झोपते. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

ठरल्याप्रमाणे रोल पाठव. तू घरात जे दिसेल ते काढ, मी त्याच न धुतलेल्या रोलवर, तुझ्याच चौकटींवर, बर्फ काढते. दादाच्या भाषेत तळमजला तुझा, वरचा मजला माझा, आणि तो आपला लिफ्ट दुरुस्त करणारा मधेच लोंबकळणार. वरून काढणारीनं चौकटीत थोडा काळोख सोडायचा, म्हणजे खालचं त्यातून दिसतं, हा नियम मला पाठ आहे. गेल्या खेपेला माझ्या बोगद्याच्या तोंडात तुझी इस्त्रीच्या कपड्यांची चळत काय झकास बसली होती!

इथे फोन फक्त टपाल कचेरीत आहे आणि तो मुका आहे. तेव्हा पत्रच. दादाला म्हणावं, निघताना म्हणालास ना, सहा महिने तोंड दाखवू नकोस? बघ, दाखवत नाहीये. आणि जरा खात जा म्हणावं, वाळला होता.

तुझी
खारूताई

०

४ जानेवारी

खारूताई,

पत्र मिळालं. मी एकदा वाचलं, दादानं बऱ्याचदा.

दादाला बरं नाही. पोटाचं आहे. सध्या कामावर जात नाही. मी चष्म्याच्या दुकानातून दुपारी लवकर निघते. याहून जास्त लिहीत नाही, कारण तो शेजारी उशीला टेकून बसलाय आणि मी काय लिहिलं ते वाचल्याशिवाय खाली त्याची ओळ घालणार नाही. त्याच्या ओळीशिवाय आपल्या घरातून तुला पत्र कधी गेलेलं नाही.

रोल सोबत आहे. सवयीनं फिल्मच्या पट्टीची शेपूट बाहेरच ठेवली गेली, पहिल्या चौकटीची खूणही केलीय. पण या वेळी माझं एक ऐक. वरून काही काढू नकोस. आधी हा धुऊन बघ. तिथे सोय नसेल तर खालच्या गावात उतर आणि एखाद्या स्टुडिओत दे. सगळे फोटो दादाचेच आहेत.

तब्येतीला जप.

तुझी
वहिनी

खारूताई, वहिनीचं अजिबात ऐकू नकोस. तिला घाबरायची हौस आहे. पोट म्हटलं की बिघडायचंच, लिफ्टसुद्धा कधीमधी दोन मजल्यांच्या मधे थांबते. मी या उकाड्यात मुद्दाम ओव्हरकोट आणि मफलर घालून बसलो होतो, ते काय वहिनीला छान दिसावं म्हणून? मला बर्फात बसायचंय आणि तुझ्याइतकी रजा मला कोण देणार? तेव्हा वरून बर्फ काढ. भरपूर काढ. आईचं सगळं तू केलंस, मी पाहुण्यासारखा येऊन जात होतो. आता फिर. परत लवकर येऊ नकोस. – दादा

०

१५ जानेवारी

वहिनी,

तुझं वाचून धास्तावले आणि दादाची ओळ वाचून सावरले. दिवसभर दुकानात लोकांना खालची ओळ वाचायला लावतेस ना? मग घरीही खालची ओळ वाचत जा. आजारी माणूस असं लिहितो का? आई आजारी होती, मला माहीत आहे आजारी माणूस कसा असतो. तो थट्टा करत नाही, पाणी मागतो.

त्याला पथ्याचं खायला घाल, तळलेलं बंद कर, आणि त्याच्या बोलण्याला भुलू नकोस. हे सांगणारी मी पहिली भुलणारी, पण तू तरी ठाम राहा.

रोल त्याच दिवशी कॅमेऱ्यात भरला. तुझा मान राखायचा म्हणून तो हातात धरून जरा वेळ विचार केला, खोटं नाही सांगत. पण तुझ्या सगळ्या पत्रात कारण नाही आणि दादाच्या एका ओळीत आहे. ओव्हरकोट घालून बसला! मला इथे एकटीला हसू आवरेना. मालकीण विचारायला लागली, काय झालं. भाऊ वेडा आहे म्हटलं.

एकच पंचाईत. काळोख कुठून आणू? इथे काळोख औषधालाही नाही. झाडं पांढरी, छपरं पांढरी, वाट पांढरी. तेव्हा नियम या खेपेला गुंडाळून ठेवते. त्यालाच भरपूर बर्फ हवाय. फार तर तो जरा पुसट येईल, बर्फात बसलेला माणूस तसाच दिसायचा.

पुढचं पत्र खालच्या गावच्या टपाल कचेरीत पाठव. महिना संपताना मी तिथे असेन.

खारूताई

०

२२ जानेवारी

खारूताई,

या पत्राखाली दादाची ओळ नाही. त्याला हे दाखवलेलं नाही. दुकानात बसून लिहितेय.

दादाला कर्करोग आहे. तू गेल्यावर महिन्याभरात पोट उघडलं आणि काही न करता तसंच शिवलं. डॉक्टर माझ्याशी बोलताना टेबलावरची टाचणी उचलून ठेवत होते, पुन्हा उचलत होते, तेव्हाच मला कळलं. दादालाही माहीत आहे. घरी येताना रिक्षात त्यानं माझ्याकडून शब्द घेतला, की तुला पत्रात एक अक्षर लिहायचं नाही. म्हणाला, तिनं आईच्या उशाशी इतकी वर्षं काढली, आता माझ्या उशाशी आणून बसवू नकोस, तिला एकदा तरी मोकळी फिरू दे.

फोटोंबद्दल त्यानं शब्द घेतला नव्हता. म्हणून रोल पाठवला. मला वाटलं, त्या कोटात तो किती उरलाय ते तुला नुसतं बघून कळेल. त्यानं ओळखलं असणार. मला पत्रातून काही वगळायला सांगितलं नाही, फक्त खाली ओळ लिहिली. आणि तू त्याचं ऐकलंस. तुमचं दोघांचं लहानपणापासून हेच आहे. मधे मी कितीही ओरडले तरी तुम्हाला एकमेकांचंच ऐकू जातं.

रागानं लिहीत नाहीये. राग यायलाही आता ताकद नाही.

खाटेवरून खुर्ची आणि खुर्चीवरून खाट, एवढंच त्याचं फिरणं उरलंय. तेही माझ्या खांद्याला धरून. मी शब्द मोडलाय, तो विचारेल तेव्हा सांगेन. तू ये. सामान तिथेच टाक. रोल धुऊ नकोस, काही करू नकोस, ये.

वहिनी

०

१ फेब्रुवारी

वहिनी, दादा,

मी अजून वरच आहे! शनिवारच्या बसनं उतरणार होते. पिशवी बांधून झाली होती, मालकिणीचा निरोप घेतला होता, आणि सकाळी बघते तर इतक्या दिवसांचं मळभ साफ. असं ऊन, असा बर्फ, आणि रोलवर निम्म्याहून जास्त चौकटी शिल्लक. मी बस सोडली. दादा, तुझ्यासाठी सोडली. अर्धवट बर्फात बसवून तुला परत पाठवलं असतं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

आता संपला रोल. काय सांगू तुम्हाला! उतारावरचा बर्फ, गोठलेला ओढा, मालकिणीचं कुत्रं बर्फात मानेपर्यंत बुडालेलं. एका ठिकाणी माझीच काळी छत्री आडवी ठेवून काढला, कुणी म्हणायला नको की काळोख सोडलाच नाही. सगळे फोटो मनासारखे. एकच फुकट गेला. सरपण ठेवायच्या खोपटात शिरताना पाय घसरला आणि कॅमेऱ्याचा खटका दाबला गेला. आत काहीच नव्हतं, मिट्ट काळोख. दादाला हे सांगू नकोस, वर्षभर टोमणे मारेल. अरे हो, दादा, तू पण वाचतोयस. मार टोमणे.

तुमचं पत्र खाली टपालात माझी वाट बघत पडलं असेल. पडू दे. पुढच्या शनिवारी उतरले की वाचते. दादा, ओळ लांबलचक लिहिली असशील तर माफ, नाहीतर खैर नाही.

तुमची
खारूताई

०

८ फेब्रुवारी, टपाल कचेरीच्या बाकावरून

वहिनी,

आत्ता वाचलं. तार केलीय, पण इथला माणूस म्हणतो की पुढच्या वायरी बर्फानं तुटल्यात, कधी पोचेल सांगता येत नाही. म्हणून हेही टाकतेय. जे आधी पोचेल ते पोचेल, मीच आधी पोचले तर बरं.

निघाले. त्याला सांग मी निघालेय. त्याला म्हणावं, रागाव हवं तर, पण मी येईपर्यंत थांब.

०

१४ मार्च

वहिनी,

तुझ्याकडून परत आल्यापासून रोज लिहायला बसते आणि उठते.

तू दार उघडलंस आणि म्हणालीस, बूट भिजलेत, काढ. मी वाकून नाड्या सोडल्या. आत खाटेवरची गादी गुंडाळलेली दिसली. नंतर आपण दोघींनी मिळून त्याच्या कपड्यांच्या घड्या घातल्या, पण तू माझ्याकडे पाहिलं नाहीस आणि मीही तुझ्याकडे पाहिलं नाही. काय बोलले असते? बस सोडली म्हणून तो गेल्यावर चार दिवसांनी पोचले? ऊन छान पडलं होतं म्हणून?

काल रोल धुतला. इतके दिवस हिंमत नव्हती. बाथरूमची खिडकी काळ्या कापडानं बंद केली, कागद रसायनात हलवत बसले. पहिला फोटो, बर्फ. दुसरा, बर्फ. मी कागद रसायनात जास्त वेळ ठेवले, पुन्हा छापले, आणखी गडद छापले. बर्फच. कुठे खुर्चीचा एक पाय, कुठे मफलरचं टोक. छत्रीच्या काळ्या कापडात एक कान आणि थोडी मान. वहिनी, मी स्वतःच्या हातानं त्याच्यावर बर्फ लोटत गेले, एकामागून एक, आणि दर फोटोला खूश झाले. इतकी वर्षं आपण हे करतोय, काळोख सोडला नाही की खालचं मरतं हे मला कुणी शिकवायला हवं होतं का?

आणि मग तो खोपटातला. फुकट गेला म्हणून लिहिलेला. वर माझं काहीच नाही, त्यामुळे तुझा तळमजला जसाच्या तसा आलाय. कोटात अजून एक माणूस मावेल इतका तो आत गेलाय. गालफडं बसलीत. पण तो हसतोय. खुर्चीच्या हातावर जोर देऊन अर्धा उठलाय, कॅमेऱ्याकडे नाही, बाजूला कुठेतरी बघतोय, आणि मनापासून हसतोय. माझ्या धंद्याच्या सवयीनं मी आधी दातच पाहिले. सगळे दिसतायत.

इतका कशाला हसला होता? तू काही बोललीस का त्याला? सांग ना. मला त्याच्या शेवटच्या दिवसांतलं एवढं एकच मिळालंय.

खारूताई

०

२६ मार्च

खारूताई,

आठवत नाही. बरेच फोटो काढले होते.

त्याचा कोट इथेच आहे. तुला हवा असेल तर पाठवते. लिफ्टच्या कंपनीतले लोक त्याची हत्यारांची पेटी न्यायला आले होते, दिली. मी पूर्ण वेळ दुकानात जायला लागलेय. घरी आल्यावर सवयीनं दोन कप काढते.

वहिनी

०

५ एप्रिल

वहिनी,

कोट नको. तुझ्याजवळच असू दे.

तुला आठवत नसेल तर राहू दे. मी तो फोटो मोठा करून कामाच्या टेबलासमोर लावलाय. साचे घासता घासता मान वर केली की तो हसताना दिसतो. दवाखान्यातले विचारतात, कोण? भाऊ, म्हणते. मोठे आनंदी दिसतात, म्हणतात. हो म्हणते.

परवा त्याच्या सगळ्या ओळी काढून वाचल्या. परत लवकर येऊ नकोस. आता फिर. मी इतके दिवस स्वतःला खात होते, पण या ओळी आणि हा चेहरा शेजारी ठेवून बघितलं, तेव्हा कुठे जरा श्वास घेता आला. त्याला मी यायला नकोच होते, वहिनी. तो खरोखरच सुखात होता, मी तिकडे फिरतेय या विचारानं. मी पोचले नाही ते मलाच लागलं, त्याला नाही. असं मानून मी जगू शकेन असं वाटतं.

तू लिहीत नाहीस म्हणजे मला माफ केलेलं नाहीस. ते समजू शकते. पण एवढं माझ्याकडे राहू दे.

खारूताई

०

२० एप्रिल

खारूताई,

तुझ्याकडे राहू द्यायचं म्हणूनच आठवत नाही असं लिहिलं होतं. पत्र मिळाल्यापासून रोज ठरवते की उत्तर द्यायचं नाही. पण दादाच्या सांगण्यावरून मी एकदा गप्प बसले आहे आणि त्याचं काय झालं ते आपण दोघी जाणतो.

तू हवं ते मान. माझ्यामुळे उशीर झाला असं मान, ते खरंही आहे. पत्र महिनाभर आधी लिहायला हवं होतं. नाही तर रोलची शेपूट तरी आत ओढून घ्यायला हवी होती. बोटभर पट्टी आत गेली असती की तुला तो कॅमेऱ्यात भरताच आला नसता, आणि तू मुकाट्यानं धुतला असतास. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप थांबला. झोप लागत नाही तेव्हा मी ती शेपूट आत ओढत असते.

पण तू यायला नको होतीस असं मानू नकोस. हे एक मी चालू देणार नाही. यात त्याच्यावर अन्याय होतो आणि तो आता खाली ओळ लिहू शकत नाही.

तो दिवसभर दाराकडे तोंड करून बसायचा. मी खुर्ची खिडकीकडे वळवली की ऊन लागतं म्हणायचा, पुन्हा दाराकडे फिरवायला लावायचा. त्या दुपारी कोट, मफलर घालून बसला होता आणि मी कॅमेरा डोळ्याला लावला होता. तेवढ्यात बेल वाजली. दोनदा, लागोपाठ. आपल्याकडे तशी बेल तूच दाबतेस.

माझ्या खांद्याशिवाय न उठणारा माणूस एकटा उठायला लागला. म्हणाला, "बघ, नाहीच ऐकलं तिनं माझं. आली." इतकं हसताना मी त्याला आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. माझं बोट तेवढ्यात दाबलं गेलं.

मी दार उघडलं. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस होता.

परत आत आले तर तो बसला होता आणि मफलर सोडत होता. गाठ सुटेना, मी सोडवून दिली. उरलेले फोटो काढून घे म्हणाला, काढले. मग मी तुला पत्र लिहायला घेतलं, रोल धुऊन बघ म्हणून. लिहून झाल्यावर त्यानं हात पुढे केला, पेन मागितलं, आणि खाली लिहिलं की परत लवकर येऊ नकोस.

वहिनी